छातीत धडधड, घाबरेपणा आणि हृदय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जनरल फिजिशियन आहे. दवाखान्यात, फोनवर, रात्री दोन वाजता आलेल्या मेसेजमध्ये वर्षानुवर्षं हेच प्रश्न येत राहतात. सांगायची पद्धत वेगवेगळी असते, पण विचारायचं असतं ते एकच : "डॉक्टर, हे हार्टचं तर नाही ना?" त्या सगळ्यांना एकदाच सविस्तर उत्तर द्यावं म्हणून हे पान केलं आहे.

वाचायला सुरुवात करण्याआधी एक गोष्ट. आत्ता, या क्षणी छातीवर दगड ठेवल्यासारखं दडपण असेल, ते जबड्याकडे, खांद्याकडे किंवा हाताकडे जात असेल, दरदरून घाम फुटला असेल, किंवा शुद्ध हरपल्यासारखं होत असेल, तर हे वाचत बसू नका. १०८ ला फोन करा किंवा कुणाला तरी घेऊन जवळच्या, ईसीजीची सोय असलेल्या रुग्णालयात जा. हे पान नंतरही इथेच असेल.

१. ईसीजी नॉर्मल आला आणि डॉक्टर म्हणाले, "मनाचं आहे." म्हणजे मला होतंय ते खोटं आहे का?

नाही. तुमचं हृदय खरोखरच जोरात धडधडत होतं. त्या वेळी कुणी नाडी मोजली असती तर ती मिनिटाला ११०, १२०, कधी १४० सुद्धा भरली असती. आपण स्वस्थ बसलेलो असताना ती साधारण ६० ते १०० असते.

मेंदूला धोका जाणवला की मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथींमधून ॲड्रिनलिन रक्तात येतं. हृदयाकडे जाणाऱ्या नसाही त्याच कामाला लागतात. ठोके वाढतात, प्रत्येक ठोका जोरकस होतो, रक्त हातापायांच्या मोठ्या स्नायूंकडे वळतं, कातडी गार पडते आणि घाम सुटतो. ही पळून जाण्याची तयारी आहे. समोर बिबट्या असता तर याच धडधडीने तुमचा जीव वाचवला असता. बिबट्या नसताना ती सुरू होते, एवढीच काय ती गडबड. हृदय सांगितलेलं काम चोख करतंय, त्याला मिळालेला निरोप चुकीचा आहे.

"मनाचं आहे" हे वाक्य आम्ही डॉक्टर फार घाईने बोलतो. पेशंटला त्यातून "तू नाटक करतोस" एवढंच ऐकू जातं, आणि तो दुसऱ्या डॉक्टरकडे जातो. तिथून तिसऱ्याकडे.

२. पॅनिक अटॅक म्हणजे नेमकं काय? तो किती वेळ राहतो?

अचानक उसळणारी तीव्र भीती आणि तिच्यासोबत शरीराची अनेक लक्षणं एकदम : धडधड, घाम, थरथर, श्वास अपुरा पडणं, छातीत दुखणं, मळमळ, चक्कर, मुंग्या, अंग गार किंवा गरम पडणं, आपण मरतोय किंवा आपल्याला वेड लागतंय असं वाटणं. काहींना आजूबाजूचं सगळं खोटं, पडद्यावरचं वाटू लागतं. झटका काही मिनिटांत, बहुधा दहा मिनिटांच्या आत, टोकाला पोचतो आणि अर्ध्या तासात बराचसा ओसरतो. पुढे दिवसभर अंगातला जीव गेल्यासारखा थकवा राहू शकतो.

आयुष्यात एखादा झटका अनेकांना येतो. तेवढ्याला आजार म्हणत नाहीत. झटके पुन्हा पुन्हा, काही कारण नसताना येऊ लागले आणि "आता पुन्हा येईल" या धास्तीने महिना किंवा अधिक काळ वागणं बदललं (लोकलने जाणं बंद, एकट्याने बाहेर पडणं बंद), तर त्याला पॅनिक डिसऑर्डर म्हणतात.

३. पूर्वी असलं काही नव्हतं. ही आजकालचीच थेरं आहेत का?

हा प्रश्न बहुतेक वेळा पेशंटच्या सासऱ्यांचा किंवा वडिलांचा असतो. उत्तर आपल्या भाषेतच आहे. "छातीत धस्स झालं", "काळजाचा ठोका चुकला", "जीव घाबराघुबरा झाला" हे शब्द काही आजचे नाहीत. भीती छातीत कळते हे आपल्या पणज्यांनाही ठाऊक होतं.

वैद्यकातही हे जुनंच आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धात फिलाडेल्फियाचे डॉक्टर जेकब दा कोस्टा यांच्याकडे धडधड, छातीत दुखणं आणि दम लागणं अशा तक्रारी घेऊन सैनिक येत. हृदयात मोठा दोष मात्र सापडत नसे. १८७१ मध्ये त्यांनी यावर निबंध लिहिला. पुढे लोक याला 'सैनिकाचं हृदय' म्हणू लागले. पहिल्या महायुद्धात हेच दुखणं पुन्हा दिसलं, नाव तेवढं वेगळं मिळालं. पॅनिक डिसऑर्डर हे निदान म्हणून अमेरिकन मनोविकार वर्गीकरणात आलं ते १९८० साली. नाव नवीन, दुखणं जुनं. आणि ज्यांना ते होत होतं ते बंदुका घेऊन लढलेले लोक होते, हेही सासऱ्यांना सांगा.

४. मधेच एक ठोका चुकतो, मग छातीत धाडकन आपटल्यासारखं होतं. हृदय बंद पडणार का?

इथे प्रत्यक्षात ठोका चुकत नाही, लवकर येतो. हृदयातला एखादा कोपरा आपली पाळी यायच्या आत ठिणगी टाकतो. त्या वेळी हृदय पुरेसं भरलेलं नसतं, त्यामुळे तो ठोका मनगटावर कळतही नाही. त्यानंतर थोडी लांब विश्रांती येते. तेवढ्या वेळात हृदयात जास्त रक्त भरतं आणि पुढचा ठोका दणकट पडतो. तुम्हाला जाणवते ती विश्रांती आणि तो दणका. कुणी याला मासळी उसळल्यासारखं म्हणतं, कुणी कबुतर फडफडल्यासारखं.

निरोगी माणसाला २४ तास होल्टर (अंगावर लावून ठेवायचं, ठोके नोंदवत राहणारं यंत्र) लावलं तर असे ठोके बहुतेकांत सापडतात. जागरण, चहा, तंबाखू, ताप आणि चिंता यांनी ते वाढतात. डाव्या कुशीवर झोपलं की जास्त जाणवतात, कारण हृदय छातीच्या भिंतीला टेकतं. तपासणीत हृदयाची रचना ठीक असेल तर त्यांना सहसा औषधही लागत नाही. मात्र ते व्यायाम करताना वाढत असतील, सोबत चक्कर येत असेल, किंवा घरात कुणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झाला असेल, तर कार्डिओलॉजिस्टना दाखवाच.

५. ब्लॉकेज नाही, मग छातीत दुखतं कशाने?

बऱ्याचदा स्नायूंनी. घाबरल्यावर आपण पोटाने श्वास घ्यायचं सोडून छातीच्या वरच्या भागाने भराभर घेतो. बरगड्यांमधल्या स्नायूंवर ताण येतो आणि खांदे, मान आखडतात. दुसऱ्या दिवशी बोटाने दाबलं की दुखणारी जागा सापडते. टोचल्यासारखी क्षणभराची चमक आणि "इथे, बरोबर इथे" असं एका बोटाने दाखवता येणारं दुखणं बहुधा या गटातलं असतं. 'बहुधा' हा शब्द सोडू नका. दाबून दुखलं म्हणजे हृदय शंभर टक्के सुटलं असं नसतं. अॅसिडिटी आणि अन्ननलिकेचं आखडणं ही आणखी दोन कारणं. चिंतेत तीही बळावतात.

६. हाताला, ओठांना मुंग्या येतात, बोटं वाकडी होतात. हा लकवा तर नाही?

भराभर श्वास घेतल्याने शरीरातला कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर निघून जातो. रक्ताची आम्लता कमी होते आणि रक्तातलं मोकळं कॅल्शियम घटतं. त्यामुळे ओठांभोवती व बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, तळहात आखडून बोटं चोचीसारखी होतात. मेंदूतल्या रक्तवाहिन्या थोड्या आकसतात, म्हणून डोकं हलकं होतं. गंमत अशी, की "श्वास पुरत नाही" असं वाटत असताना ऑक्सिजन अगदी ठीक असतो. श्वास संथ झाला की हे सगळं मागे जातं.

सहसा दोन्ही बाजूंना होतं. एकाच बाजूचा हात-पाय लुळा पडणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं हे पॅनिकमध्ये धरायचं नाही. ते थेट रुग्णालयात.

७. हार्ट अटॅक की पॅनिक अटॅक, घरच्या घरी ओळखायचं कसं?

सर्वाधिक वेळा आलेला प्रश्न हाच, म्हणून थोडं सावकाश सांगते.

हार्ट अटॅकचं दुखणं बहुधा छातीच्या मधोमध असतं. दडपण, आवळणं, जळजळ अशा स्वरूपाचं. पेशंट बोट दाखवत नाही, मूठ किंवा सगळा तळहात छातीवर ठेवतो. ते जबडा, मान, पाठ, खांदे, एक किंवा दोन्ही हात इकडे पसरतं. चालताना, जिना चढताना सुरू झालेलं किंवा वाढलेलं दुखणं जास्त संशयास्पद. ते मिनिटांमागून मिनिटं टिकतं आणि वाढत जातं.

पॅनिकमध्ये बहुधा भीती आणि धडधड पुढे असतात, दुखणं मागून येतं. मुंग्या असतात. दहा मिनिटांत कळस गाठून ते उतरू लागतं. पुष्कळदा माणूस स्वस्थ बसलेला असतो.

हे झालं पुस्तकातलं. पण हार्ट अटॅकमध्येही माणूस भयंकर घाबरतो. मधुमेही, वयस्कर आणि स्त्रिया यांच्यात छातीत दुखण्याऐवजी नुसता दम लागणं, मळमळ, पोटाच्या वरच्या भागात दुखणं किंवा विलक्षण थकवा एवढंच असू शकतं. कोणत्याही एका खुणेवर मलाही खात्री देता येत नाही. मीही ईसीजी काढते आणि गरज पडली तर काही तासांच्या अंतराने दोनदा ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते दाखवणारी रक्ततपासणी) करून बघते.

म्हणून माझा नियम असा. आयुष्यात पहिल्यांदाच असं होत असेल, तर ते पॅनिक आहे हे घरी ठरवायचं नाही. आधी नीट तपासणी झालेली असेल आणि आजचा झटका अगदी ओळखीचा, नेहमीच्याच वाटेने चाललेला असेल, तर प्रश्न १३ मधले उपाय करत वाट बघायला हरकत नाही. या वेळी काही वेगळं असेल, नवीन जागी दुखत असेल, श्रमाने वाढत असेल, खरी बेशुद्धी आली असेल किंवा दुखणं उतरायचं नावच घेत नसेल, तर जायचं. पॅनिक निघालं तर लाज वाटून घ्यायची नाही. तुम्ही रुग्णालयाचा वेळ वाया घालवलेला नसतो.

८. माझं वय अवघं ३० आहे. या वयात हार्ट अटॅक येतो का?

क्वचित, पण येतो. 'इंटरहार्ट' या ५२ देशांतल्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला हार्ट अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी आल्याचं दिसलं, बाकीच्या जगापेक्षा पाच-सहा वर्षं आधी. त्यामुळे निव्वळ वय बघून "तुला कसला अटॅक" म्हणणं मला पटत नाही. तंबाखू, मधुमेह, रक्तदाब, वाढलेलं कोलेस्टेरॉल, आईवडिलांपैकी कुणाला लवकर आलेला हृदयविकार यांतलं काही असेल तर तिशीतही गांभीर्याने घ्यायचं. यांतलं काहीही नसेल आणि तपासण्या ठीक असतील, तर तुमच्या बाजूने पारडं खूपच जड आहे.

९. घरचे म्हणतात गॅस झालाय. ओवा-सोडा घेऊन बघू का?

आपल्याकडे छातीतल्या प्रत्येक दुखण्याला गॅस हे नाव आहे. सोडा घेतल्यावर ढेकर आली, बरं वाटलं, म्हणून ते हृदयाचं नव्हतं असं सिद्ध होत नाही. हृदयाचं दुखणंही कमी-जास्त होतं. रात्रभर सोडा पीत बसून सकाळी आलेले पेशंट मी पाहिले आहेत. त्या गेलेल्या तासांत हृदयाचा स्नायू मेलेला असतो आणि तो परत येत नाही. कसोटी प्रश्न ७ मधलीच. गॅस वाटला तरी.

१०. बाबांची हृदयाची गोळी सॉर्बिट्रेट घरात आहे. खबरदारी म्हणून जिभेखाली ठेवू का?

तुम्हाला लिहून दिलेली नसेल तर नको. ती रक्तवाहिन्या सैल करते, रक्तदाब एकदम उतरू शकतो, आणि डोकं ठणकून हृदय आणखी धडधडतं. घाबरलेल्या माणसाला याहून वाईट काय? सिल्डेनाफिलसारखी (लैंगिक ताठरतेसाठीची) गोळी घेतलेली असेल तर हे जिवावर बेतू शकतं. ॲस्पिरिनचंही फोनवर डॉक्टरांना विचारून घ्या. ॲलर्जी, अल्सर, रक्तस्राव असेल तर तिचा धोका असतो.

११. कोणत्या तपासण्या करू? किती वेळा?

सुरुवातीला ईसीजी, रक्तदाब, हिमोग्लोबिन, थायरॉइडसाठी टीएसएच, साखर, गरजेप्रमाणे पोटॅशियम. डॉक्टरांना छातीत काही वेगळं ऐकू आलं किंवा शंका वाटली तर टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. दुखणं श्रमाशी जोडलेलं असेल तर स्ट्रेस टेस्ट, म्हणजे पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी. धडधड येऊन-जाऊन असेल तर होल्टर. ती आठवड्यातून एकदाच येत असेल तर २४ तासांच्या होल्टरमध्ये सापडणार नाही. मग अधिक दिवस लावायचं यंत्र मागा, किंवा धडधड चालू असतानाच जवळच्या दवाखान्यात जाऊन ईसीजी काढून घ्या. झटका चालू असतानाची एक पट्टी नंतरच्या दहा नॉर्मल पट्ट्यांहून मोलाची असते.

आता दुसरा भाग, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. एकदा नीट तपासा, मग तपासणं थांबवा. माझ्याकडे एका वर्षात १४ ईसीजी काढलेली फाइल घेऊन एक तरुण आला होता. प्रत्येक नॉर्मल पट्टीने त्याला दोन-तीन दिवस बरं वाटे, मग शंका परत येई : "त्यांच्या नजरेतून सुटलं असेल तर?" अशा वेळी पंधरावा ईसीजी म्हणजे खाज सुटल्यावर खाजवणं. नवीन लक्षण आलं तर नवीन तपासणी जरूर करा. जुन्याच लक्षणाला मात्र नाही.

१२. चिंता समजून दुर्लक्ष झालं आणि निघालं दुसरंच, असं होतं का?

होतं. थायरॉइड वाढलं की धडधड, हाताला कंप, घाम, वजन उतरणं. रक्त कमी असलं की जिना चढताना धडधड आणि दम. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांत रक्तक्षय आढळला. म्हणून बाईला "टेन्शन घेऊ नका" सांगण्याआधी तिचं हिमोग्लोबिन बघा, असं मी माझ्या ज्युनियर डॉक्टरांना सांगत असते. मधुमेहाच्या गोळ्यांनी किंवा इन्सुलिनने साखर उतरली की हुबेहूब पॅनिकसारखं होतं. दम्याचा पंप, सर्दीच्या काही गोळ्या, थायरॉक्सिनचा जास्त झालेला डोस यांनीही धडधडतं. फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकली तर अचानक दम लागतो, छातीत दुखतं. नुकतं ऑपरेशन, लांबचा प्रवास, प्लास्टर किंवा एका पायाला सूज असेल तर हे विसरू नका. उभं राहिल्यावर दहा मिनिटांत ठोके ३० किंवा अधिक वाढणं आणि आडवं झाल्यावर शांत होणं हाही एक वेगळा विकार आहे.

आणि एसव्हीटी. एक शाळेतल्या बाई आठ वर्षं "टेन्शन" या निदानावर गोळ्या घेत होत्या. सांगताना त्या सहज बोलून गेल्या, "दिव्याचं बटण दाबावं तसं सुरू होतं आणि तसंच बंद होतं." मी तिथेच थांबले. पॅनिकची धडधड चढत जाते आणि उतरत जाते. एसव्हीटी हा हृदयातल्या विजेच्या तारांचा जादा फेरा असतो. तो एका क्षणात सुरू होतो, ठोके १५० ते २५० वर जातात, आणि एका क्षणात थांबतो. गळ्यात धकधक जाणवते, नंतर भरपूर लघवी होते. पुढच्या झटक्यात त्या थेट जवळच्या रुग्णालयात गेल्या. पट्टीवर ठोके १९० होते. ॲब्लेशन (तो जादा फेरा बंद करण्याची प्रक्रिया) झालं, त्रास संपला. त्यांची आठ वर्षं मात्र कुणी परत देऊ शकलं नाही.

ठोके जलद आणि पूर्णपणे बेताल असतील, कुठलीच लय नसेल, तर एट्रियल फिब्रिलेशनची शक्यता असते. त्यात रक्ताची गुठळी होऊन लकव्याचा धोका असतो, म्हणून तेही ईसीजीवर पकडावं लागतं.

१३. झटका आलाच तर त्या क्षणी काय करायचं?

आधी बसा. श्वास आत घेताना मनात चारपर्यंत मोजा, सोडताना सहापर्यंत. खोल नको, संथ हवा. "मोठा श्वास घे" हा सल्ला इथे उलटा पडतो (का, ते प्रश्न ६ मध्ये). श्वास सोडताना मेंदूकडून येणारी व्हेगस नस हृदयाला आवर घालते, म्हणून बाहेरचा श्वास लांब.

मग मनाशी म्हणा, "हे ॲड्रिनलिन आहे. चढलंय तसं उतरेल." झटक्याशी कुस्ती खेळायला गेलात तर तो लांबतो. लाट अंगावरून जाऊ द्यायची. पाय जमिनीवर दाबा, खोलीत दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं घ्या, आईला फोन करा, जे जमेल ते. शक्य असेल तर जिथे आहात तिथेच थांबा. लोकलमधून पहिल्याच स्टेशनवर उतरलात तर बरं वाटेल, पण मेंदू शिकेल की लोकल धोक्याची होती आणि उतरलो म्हणून वाचलो.

कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना उपाय करू नका. दुखणं हृदयाचं किंवा दम्याचं असेल तर ऑक्सिजन कमी होऊन नुकसान होईल.

१४. रात्री गाढ झोपेतून दचकून उठतो, छाती फुटेल अशी धडधडते. झोपेत तर मी कसलाच विचार करत नसतो!

झोपेतलेही पॅनिक अटॅक असतात. ते बहुधा झोप लागल्यावर पहिल्या काही तासांत, स्वप्न नसलेल्या झोपेत येतात, म्हणून वाईट स्वप्न आठवत नाही. ज्यांना दिवसा झटके येतात त्यांच्यातल्या पुष्कळांना रात्रीही कधीतरी येतो. पण घोरत असाल, श्वास अडकून उठत असाल आणि दिवसा पेंग येत असेल, तर स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास थांबण्याचा विकार) तपासा. आणि आडवं झाल्यावर दम लागून, उठून बसल्यावरच बरं वाटत असेल, तर ते हृदय कमजोर असल्याचं लक्षण असू शकतं. तिथे थांबू नका.

१५. चहा सोडू का?

सगळा नाही. दिवसाचे सहा कप दोनवर आणा, संध्याकाळनंतर नको. एनर्जी ड्रिंक मात्र पूर्ण बंद. तंबाखू, मशेरी, गुटखा, सिगारेट यांतलं निकोटीन थेट ठोके वाढवतं. "टेन्शन कमी व्हायला" म्हणून घेतलेली तंबाखू उलटं काम करते आणि रक्तवाहिन्याही खराब करते. दारूने त्या रात्री शांत वाटतं, पण पहाटे उतरताना धडधड आणि घबराट दुप्पट होते.

१६. स्मार्टवॉचवर सारखे ठोके बघतो. चुकतंय का?

घड्याळ बेताल ठोके पकडायला उपयोगी पडू शकतं. ईसीजी काढणारं घड्याळ झटक्याच्या वेळी वापरून ती नोंद डॉक्टरांना दाखवा. पण घड्याळाचा ईसीजी हार्ट अटॅक ओळखत नाही. दर दहा मिनिटांनी आकडा बघत असाल तर आकडा बघण्याच्या भीतीनेच तो वाढतो. अशांना मी महिनाभर घड्याळ कपाटात ठेवायला सांगते. करोनाच्या काळात घेतलेल्या ऑक्सिमीटरलाही हेच लागू.

१७. जिना चढलं की धडधडतं, म्हणून चालणंच बंद केलं. बरोबर केलं ना?

नाही, आणि हे मला काळजीचं वाटतं. हालचाल थांबली की काही आठवड्यांत शरीर ढिलं पडतं आणि मग थोड्याशा श्रमानेही ठोके जास्त वाढतात. भीती खरी ठरल्यासारखी वाटते. प्रश्न ११ मधल्या तपासण्या ठीक असतील तर रोज दहा मिनिटांच्या चालण्यापासून सुरू करा, दर आठवड्याला थोडं वाढवा. मानसोपचारात तर मुद्दाम जिना चढायला, जागच्या जागी गिरक्या घ्यायला लावतात. धडधड झाली आणि काहीच वाईट झालं नाही, हे शरीराला पुन्हा पुन्हा दाखवायचं असतं.

१८. अशा झटक्यांनी हृदय कमकुवत होतं का? भीतीने माणूस मरतो का?

निरोगी हृदयाला मिनिटाला १३० ठोके म्हणजे भरभर चालण्याचे श्रम. पॅनिक अटॅकने ते झिजत नाही. बेशुद्ध पडणंही पॅनिकमध्ये क्वचितच घडतं, कारण त्या वेळी रक्तदाब वाढलेला असतो. (रक्त किंवा सुई बघून चक्कर येणारे अपवाद. त्यांचा दाब उतरतो.)

अतितीव्र धक्क्याने, उदाहरणार्थ जोडीदार अचानक गेल्यावर, हृदयाचा डावा कप्पा तात्पुरता फुगून कमजोर होतो. जपानी डॉक्टरांनी १९९० मध्ये याला 'ताकोत्सुबो' नाव दिलं. हे ऑक्टोपस धरायचं मडकं, कप्प्याचा आकार तसा दिसतो. पाळी गेलेल्या स्त्रियांत ते जास्त आढळतं. रुग्णालयात ठेवावं लागतं, पण बहुतेकजणी काही आठवड्यांत बऱ्या होतात. रोजच्या पॅनिकचा हा परिणाम नव्हे.

वर्षानुवर्षं चिंता राहिली तर झोप जाते, तंबाखू वाढते, व्यायाम सुटतो, रक्तदाब वाढतो, आणि त्या वाटेने हृदयाचा धोका वाढतो. म्हणून चिंतेवर उपचार हवेतच. पण घाई आजच्या रात्रीची नाही.

१९. माझी ॲन्जिओप्लास्टी झाली आहे. आता छातीत दुखलं की स्टेंटचं समजू की घाबरल्याचं?

तुमच्यासाठी नियम कडक आहे : संशयाचा फायदा नेहमी हृदयाला. कार्डिओलॉजिस्टकडून एक कागद लिहून घ्या. दुखलं तर कोणती गोळी, किती मिनिटं थांबायचं, मग कुठे जायचं. तो पाकिटात ठेवा. त्या कागदाने भीतीही अर्धी होते.

ज्यांच्या वाहिन्यांत आधीच अडथळे आहेत, त्यांना रागाने किंवा भीतीने खरंखुरं हृदयाचं दुखणं उठू शकतं. प्रख्यात शल्यविशारद जॉन हंटर यांना हा त्रास होता. १७९३ मध्ये लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात बैठकीतल्या वादानंतर ते कोसळले आणि गेले. म्हणजे तुमच्या बाबतीत 'मन की हृदय' असा प्रश्नच नाही, दोन्हीची काळजी घ्यायची. हार्ट अटॅकनंतर चिंता आणि नैराश्य खूप जणांना येतं. ते डॉक्टरांना सांगा.

२०. गरोदरपणात, बाळंतपणानंतर किंवा पाळी जाताना होणारी धडधड?

गरोदरपणात रक्ताचं प्रमाण वाढतं आणि ठोकेही वाढतात, हे स्वाभाविक. पाळी जाण्याच्या काळात गरम वाफांसोबत धडधड येते, पण याच वयात हृदयविकारही वाढतो, म्हणून तपासणी चुकवू नये. बाळंतपणाच्या आसपास आडवं झाल्यावर दम, पायांवर सूज, रात्री खोकला असेल तर "बाळाच्या जागरणाने होतंय" म्हणून सोडू नका. त्या काळात हृदयाचा स्नायू कमजोर होण्याचा एक आजार असतो, तो इकोवर कळतो.

२१. मानसोपचाराच्या गोळ्यांची सवय लागते ना?

दोन प्रकार वेगळे करा. एस्सिटालोप्राम, सेरट्रालिन यांसारख्या गोळ्या झटके येण्याचं प्रमाण कमी करतात. गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात अस्वस्थता थोडी वाढू शकते आणि तिथेच बरेच जण गोळी सोडतात. यांची नशेसारखी सवय लागत नाही, पण एकदम बंद करायच्या नसतात. हृदयाचा आजार किंवा इतर औषधं चालू असतील तर आधी सांगा, काहींचा ईसीजीवर परिणाम होतो.

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या मात्र लगेच शांत करतात आणि सवय यांचीच लागते. जुन्या चिठ्ठीवर मेडिकलमधून आणत राहू नका. प्रोप्रॅनोलॉलने धडधड कमी होते, दमा असेल तर ते चालत नाही.

गोळ्यांइतकाच, काहींना अधिकच, उपयोग सीबीटी या बोलण्याच्या उपचाराचा होतो. "धडधड म्हणजे मरण" हा अर्थ बदलायला ती शिकवते. जवळ कुणी तज्ज्ञ नसेल तर केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. तो २४ तास, मोफत असतो आणि मराठीत बोलता येतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारालाही शारीरिक आजाराच्याच धर्तीवर संरक्षण द्यायचं आहे. पॉलिसी काढून वाचा.

२२. माझ्या बायकोला हे होतं. मी काय करू?

"अगं, काही नाही होत तुला, मनाचे खेळ आहेत" हे म्हणू नका. शेजारी बसा, आवाज हळू ठेवा, तिच्यासोबत तुम्हीही संथ श्वास घ्या. "मी आहे इथे, उतरेल आत्ता" एवढं पुरे. दहा जणांना गोळा करू नका, कांदा हुंगवू नका, तोंडात पाणी ओतू नका. झटका गेल्यावर एका चिठ्ठीवर लिहून ठेवा : किती वाजता सुरू झालं, हळूहळू की एकदम, नाडी किती, किती वेळ टिकलं, आधी काय खाल्लं-प्यायलं, श्रम होते का. डॉक्टरांकडे जाताना ती चिठ्ठी न्या. आणि तपासायच्या खोलीत तिला आधी बोलू द्या, तिच्या वतीने तुम्ही उत्तरं देऊ नका.